खाजवून काढलेली खरूज

(प्रस्तावना)

कुणी आपण होऊन नसतं लचांड मागे लावून घेतलं, की आपण म्हणतो, ‘खाजवून खरूज काढली.’ माझं पोट मात्र याच कामावर चाललं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत गुरांचा डॉक्टर म्हणून फिरताना मी शब्दशः हेच करत आलो. म्हशीच्या मानेवर केस झडून कातडी हत्तीसारखी जाड आणि चिरलेली झाली असेल, तर बोथट पात्याला तेलाचा थेंब लावायचा आणि त्या डागाच्या कडेने खरवडायचं. नुसता कोंडा निघून भागत नाही. रक्ताचे बारीक ठिपके उमटेपर्यंत पातं फिरवावं लागतं, कारण खरजेची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणून त्यात अंडी घालत असते. पात्यावर जमलेला चिखल काचेच्या पट्टीवर घ्यायचा, वर पातळ काच ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकात डोळा घालायचा.

एकदा शिंदखेडा तालुक्यात एका खळ्यात खाटेवरच सूक्ष्मदर्शक मांडला होता. म्हशीचे मालक सत्तरीच्या पुढचे. दोन वर्षं ते म्हशीला ट्रॅक्टरचं जळालेलं ऑइल चोपडत होते. मी म्हटलं, ‘बाबा, जरा इथे डोळा लावा.’ त्यांनी टोपी मागे सारली, वाकले, आणि बराच वेळ वाकूनच राहिले. मग मान वर न करताच म्हणाले, ‘डॉक्टर, हाई ते चालस!’ अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, गोल पाठीचा, आखूड पायांचा तो किडा खरंच चालत होता. पाच मिनिटांत सुना, नातवंडं, शेजारी असे सगळे रांगेत उभे. त्या दिवसानंतर त्या घरात औषधाची दुसरी मात्रा एकदाही चुकली नाही. मी तोंडाने दहा वेळा सांगून जे झालं नव्हतं, ते त्या किड्याने चालून दाखवल्यावर झालं.

हे पुस्तक लिहायचं बीज त्या खळ्यात पडलं. जनावराची खाज आधी वाचायची आणि मगच थांबवायची, एवढीच गोष्ट मला सांगायची आहे. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी तीच वेगवेगळ्या जनावरांच्या पाठीवरून सांगितली आहे.

खाजेसाठी म्हणून दवाखान्यात कुणी येत नाही, ही पहिली अडचण. ताप चढला, पोट फुगलं, वासरू अडलं, की माणूस रात्री दोन वाजता दार वाजवतो. म्हैस भिंतीला अंग घासते आहे, एवढ्यासाठी कुणी रोज बुडवत नाही. मग ती घासत राहते. आधी गोठ्याच्या खांबाचा चुना जातो, मग मानेचे केस जातात. चारा खाताना ती मध्येच थांबते आणि मागच्या खुराने कान ओरबाडते. रात्री तिचं रवंथ तुटतं. महिना-दोन महिन्यांनी दूध उतरतं आणि मालक दवाखान्यात येतो तो दुधाची तक्रार घेऊन. ‘दूध कमी झालं, काही पावडर द्या.’ खाजेचा विषय निघतो तो मी विचारल्यावर, आणि उत्तर ठरलेलं असतं : ‘ते तर दिवाळीपासूनच आहे.’

खानदेशात कातडीकडे एकदम सगळ्यांचं लक्ष गेलं ते 2022 च्या पावसाळ्यात. त्या वर्षी राज्यात पसरलेल्या लम्पी चर्मरोगाची पहिली नोंद ऑगस्टमध्ये आमच्याच रावेर तालुक्यातल्या चिनावलला झाली. केळीच्या पट्ट्यातलं गाव. बघता बघता यावल, रावेर आणि पुढे राज्यभर गाईबैलांच्या अंगावर गाठी उठल्या. गुरांचे बाजार बंद झाले, ऐन पोळ्याच्या तोंडावर बैलांची मिरवणूक थांबली, आणि शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत पशुसंवर्धन विभागाची माणसं गोठ्यागोठ्यांतून फिरली. 1929 साली आफ्रिकेतल्या झांबियात पहिल्यांदा वर्णन झालेला हा रोग भारतात 2019 साली दिसला होता. चावणाऱ्या माशा, डास आणि गोचीड त्याला एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात.

त्या तीन महिन्यांत मला एक नवीनच गोष्ट दिसली. ज्यांनी वर्षानुवर्षं जनावराच्या अंगावर हात फिरवला नव्हता, ते रोज सकाळी मानेपासून शेपटीपर्यंत चाचपून पाहू लागले. आणि चाचपल्यावर काय काय सापडलं! वासराच्या डोळ्याभोवतीचं राखाडी खपलीचं गजकर्ण, कासेमागचे गोचीड, शेपटीच्या बुडाची खरूज, जुन्या जखमेची गाठ. प्रत्येकाला वाटे की ही लम्पीच. मी एकच प्रश्न विचारायचो : ‘खाजवतंय का?’ लम्पीच्या गाठी असलेलं जनावर तापाने मलूल असतं, पाय सुजलेले असतात, ते मान खाली घालून उभं राहतं. अंग घासत बसायला त्याच्यात त्राण नसतं. गजकर्णालाही वासरं सहसा फार खाजवत नाहीत. खाज आहे की नाही, एवढ्या एका प्रश्नावर निम्मी गर्दी मी दारातूनच निर्धास्त करून परत पाठवली.

मग खाज म्हणजे नेमकं काय? जर्मन वैद्य सॅम्युएल हाफेनरेफर याने 1660 साली तिची जी व्याख्या केली ती आजही पाठ्यपुस्तकांत टिकून आहे : जी नकोशी संवेदना खाजवायची इच्छा उत्पन्न करते, ती खाज. वाचून हसू येतं. पण दुखणं आणि खाजणं यांतला फरक त्यात नेमका पकडला आहे. दुखलं की जनावर अंग चोरतं, खाजलं की अंग पुढे करतं. पुष्कळ काळ शास्त्रज्ञ खाजेला सौम्य वेदनाच समजत होते. गेल्या तीसेक वर्षांत दिसून आलं की खाजेचा निरोप नेणारे मज्जातंतू वेगळे असतात, आणि 2007 साली उंदरांवरच्या संशोधनातून मज्जारज्जूत खाजेचा निरोप पुढे नेणारा एक खास ग्राहक रेणू ठाऊक झाला. तो काढून टाकलेल्या उंदरांना खाज फार कमी सुटे. वेदना मात्र त्यांना पूर्वीसारखीच कळे.

खाजवल्याने बरं का वाटतं, याचंही उत्तर यात आहे. नखाने किंवा खडबडीत भिंतीने होणारी बारीक वेदना खाजेचा निरोप काही क्षण दाबून टाकते. पण त्या घासण्याने कातडी दुखावते, दुखावलेल्या कातडीतून दाह वाढवणारी द्रव्यं सुटतात, आणि ती पुन्हा खाज सुरू करतात. जनावर पुन्हा घासतं. हे चक्र एकदा फिरू लागलं की मूळ कारण गेल्यावरही काही दिवस फिरत राहतं. म्हणून खरजेचे किडे मेले तरी पुढचे एक-दोन आठवडे म्हैस थोडीफार घासतच राहते आणि मालक म्हणतो, ‘तुमचं औषध लागू नाही पडलं.’

खरजेचा किडा हा वैद्यकाच्या इतिहासातला मोठा पुरावा आहे. 1687 साली इटलीत जोव्हान्नी कोसिमो बोनोमो आणि दियाचिंतो चेस्तोनी या दोघांनी खरजेच्या फोडातून हा किडा काढला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याचं चित्र काढलं आणि सांगितलं की खरजेचं कारण हाच. रक्तदोष, पित्तदोष यांवर सगळा भर असलेल्या त्या काळात, एका विशिष्ट रोगाला डोळ्यांना न दिसणारा एक विशिष्ट जीव कारण असतो, असं दाखवणाऱ्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक. शिंदखेड्याच्या बाबांनी खाटेशी वाकून जे पाहिलं, ते या दोघांनी सव्वातीनशे वर्षांपूर्वी पाहिलं होतं.

पुस्तकाचा मोठा भाग ‘कुठे खाजतं’ यावर आहे. जनावर सांगू शकत नाही, पण दाखवतं. गाईच्या शेपटीचं बूड आणि मागच्या पायांच्या घोट्यांवर खपल्या असतील तर एका जातीची खरूज, डोकं आणि मानेच्या पातळ कातडीपासून सुरुवात असेल तर दुसऱ्या जातीची. हिवाळ्यात वासरांच्या मानेवर आणि पाठीवर लांब केसांत हात घातला आणि नखांना लिखा लागल्या तर उवा. घोडा शेपटीचं बूड घासून झाडूसारखं करतो तेव्हा शेपटी उचलून खाली पाहावं. आतड्यातल्या एका जंताची मादी गुदद्वाराबाहेर येऊन अंडी चिकटवून जाते आणि तिथे खाज सुटते. म्हणजे खाजतं कातडीला, पण कारण पोटात. आयाळ आणि शेपूट दोन्ही घासलेली असतील तर संध्याकाळी चावणाऱ्या बारीक चिलटांची अ‍ॅलर्जी मनात आणावी. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथले जाणते गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहतात, चाल पाहतात आणि सहज बोलता बोलता आयाळीच्या मुळाशी बोटं घालून जातात. त्या बोटांना काय कळतं ते कुठल्या पुस्तकात नाही. मी ते शब्दांत मांडायचा प्रयत्न केला आहे.

कधी कधी कातडीवर नकाशाच काढलेला असतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन संकरित गाईला पाहायला गेलो होतो. तिच्या पाठीवरचे पांढरे ठिपके लाल, सुजलेले, काही ठिकाणी भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटलेले. शेजारचा काळा भाग, बोटभर अंतरावर, ठणठणीत. खरजेचा किडा रंग पाहून चावत नाही. मी चरायची जागा विचारली. ओढ्याच्या कडेने टणटणी माजली होती, ज्या झुडपाला कुणी घाणेरी म्हणतात ते. दुष्काळी दिवसांत दुसरा पाला नसल्याने गाईने तेच खाल्लं होतं. त्याने यकृत बिघडतं, पाल्यातलं हरितद्रव्य पचून उरणारा एक पदार्थ बाहेर न पडता रक्तात साचतो, आणि जिथे कातडीला काळ्या रंगाचं छत्र नाही तिथे तो उन्हाने पेटतो. जळगावचं ऊन, ज्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, त्या गाईला शब्दशः भाजत होतं. तिला खरजेचं इंजेक्शन दिलं असतं तर काहीच साधलं नसतं. तिला सावली हवी होती, टणटणी बंद हवी होती आणि यकृतावर उपचार हवे होते.

एक इशारा मात्र इथेच देतो, पुढच्या प्रकरणाची वाट न पाहता. जुन्या चाव्याच्या जागी जनावर एकाएकी वेड्यासारखं खाजवू लागलं, तिथलंच मांस चावू लागलं, आवाज बदलला, लाळ गळू लागली, तर घशात काही अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका. पिसाळलेलं कुत्रं महिन्यापूर्वी चावलं असेल आणि कुणाच्या लक्षातही नसेल. रेबीज कधी कधी खाजेच्या वाटेने येतो. जनावर वेगळं बांधा, डॉक्टरला बोलवा, आणि ज्याचा ज्याचा लाळेशी संबंध आला त्याने त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जावं.

आता गोचीड. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात कासेला चिकटलेल्या गोचिडाचा दाखला आहे : दूध कातडीच्या पदराआड इतकं जवळ, तरी तो रक्तच पितो. ज्ञानदेवांनी तो दाखला अभागी माणसासाठी वापरला. पण गोठ्यातली नजर किती जुनी आहे तेही त्यात दिसतं. एवढी जुनी ओळख असून आपण गोचिडाशी अजून चुकीच्या जागी लढतो. गाईंवर सर्रास आढळणारा गोचीड तीनेक आठवडे एकाच जनावरावर राहतो. रक्ताने टम्म फुगलेली मादी मग गळून पडते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. ती अंडी गाईवर नसतात. ती असतात गव्हाणीच्या मागे, कुडाच्या फटीत, शेणमातीच्या भिंतीच्या भेगांत, पऱ्हाटीच्या ढिगाखाली. गोचिडाची दुसरी एक जात तर आयुष्याचा बराच काळ भिंतीतच काढते आणि जेवायला तेवढी गाईवर येते. मालक गाईला औषध लावतो, आठ दिवस बरं वाटतं, आणि पंधरा दिवसांनी भिंत गाईला नवीन गोचीड देते.

म्हणून गोचिडाचं प्रकरण मी गाईपासून सुरू न करता भिंतीपासून सुरू केलं आहे. फटी बुजवणं, चुन्याचा हात देणं, जुना कचरा हलवणं, गोठ्यावर औषध मारताना गाई बाहेर बांधणं, आणि हे सगळं ठरलेल्या अंतराने पुन्हा करणं. आमच्या थिल्लारी आणि निमाडी बैलांच्या कातडीला गोचिडाची सवय होती. हलणारी, घट्ट कातडी आणि आखूड केस यांवर त्याला जम बसवणं अवघड जातं. संकरित गाय दूध जास्त देते, पण ती गोचिडाला फार लवकर वश होते, आणि गोचिडामागून थायलेरियाचा ताप आणि बबेसियाची लाल लघवी येते. दुधाचा हिशेब मांडताना हा खर्च धरायचा राहून जातो.

म्हशीची गोष्ट वेगळी. तिच्या कातडीवर केस विरळ, घामाच्या ग्रंथी कमी, रंग काळा. तिने या उन्हात जगायचं कसं, तर डुंबून. अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर तिला उन्हापासून आणि माशांपासून वाचवतो, आणि तो पडतो तेव्हा काही उवा-किडेही घेऊन पडतो. गिरणेचं, पांझरेचं पात्र उन्हाळ्यात कोरडं पडू लागलं, गावतळी बुजली, आणि म्हैस पत्र्याच्या शेडमध्ये दावणीला आली. मालकाला वाटतं, आता ती स्वच्छ आहे. ती स्वच्छ असते आणि खाजवत असते. मी जिथे जिथे शेडवर पाण्याचे फवारे आणि अंग घासायला दोरखंड गुंडाळलेला खांब लावायला सांगितला, तिथे तिथे औषधाचा खर्च उतरलेला पाहिला. घासायला हक्काची जागा मिळाली की म्हैस तारेच्या कुंपणाला अंग लावत नाही.

साक्री तालुक्यातले ठेलारी मेंढपाळ हेही या पुस्तकाचे वाचक. पावसाळा सरला की ते मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि महिनोन् महिने वाटेवर असतात. कळपात एका मेंढीची लोकर गठ्ठ्यागठ्ठ्याने गळू लागली, ती दातांनी कूस ओढू लागली, की त्यांना कळतं. पण वाटेवर शंभर मेंढ्यांना एका दिवसात औषधाच्या पाण्यातून काढायचं कसं, कातरणीनंतर किती दिवसांनी काढायचं, उरलेलं पाणी ओढ्यात का ओतायचं नाही, हे प्रश्न दवाखान्याच्या चार भिंतींत बसून सुटत नाहीत. त्यांची उत्तरं मी त्यांच्याकडूनच शिकलो. माझ्या पदरची भर त्यात थोडी आहे.

उपायांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण खाजेपेक्षा खाजेवरच्या उपायांनी जनावरं जास्त दगावलेली मी पाहिली आहेत. चरकाने खाज घालवणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गण सांगितला आहे. त्याचं नाव कण्डूघ्न. त्यात चंदन, ज्येष्ठमध, मोहरी, नागरमोथा यांच्या सोबत कडुनिंब, करंज आणि बहावा आहेत, आणि ही शेवटची तीन झाडं खानदेशात बांधाबांधावर उभी आहेत. करंजाचं तेल, कडुनिंबाचा पाला हे आमच्या आज्या वापरत आल्या. थोड्या खरजेला, थोड्या उवांना त्यांचा उपयोग होतो. त्यांना मी हसत नाही. पण कळपभर पसरलेली खरूज नुसत्या पाल्याने आवरत नाही, हेही तितकंच खरं.

जळालेल्या ऑइलचं मात्र मी कधीच समर्थन करणार नाही. ते किड्यांचा श्वास कोंडतं, म्हणून चार दिवस गुण दिसतो. पण त्यात इंजिनातली धातूंची झीज असते, जनावर ते चाटतं, आणि काळं तेल फासलेली पाठ वैशाखाच्या उन्हात तव्यासारखी तापते. त्याहून भयंकर म्हणजे फवारणीचा पंप. हा कापसाचा मुलूख. शेतावरून संध्याकाळी येताना पंपात तळाला थोडं औषध उरलेलं असतं. ‘किडे मरतात तर गोचीडही मरतील’ असा सरळ हिशेब करून ते गाईवर मारलं जातं. एका पहाटे मला बोलावणं आलं तेव्हा कालवड आडवी पडलेली होती. तोंडाला फेस, अंगाला थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ॲट्रोपिनची इंजेक्शनं देत दिवस उजाडला. कालवड वाचली नाही. तिच्या मालकाने पंप तिथेच अंगणात ठेवला होता, आणि घरातलं कुणीही त्याच्याकडे पाहत नव्हतं. पिकाचं औषध आणि जनावराचं औषध यांच्या बाटल्या एका फळीवर ठेवू नका, हे वाक्य या पुस्तकात चार ठिकाणी आलं आहे. संपादकांनी तीन ठिकाणचं काढायला सांगितलं होतं. मी काढलं नाही.

नव्या औषधांतलं सर्वांत मोठं नाव आयव्हरमेक्टिन. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी इतो शहराजवळच्या गोल्फ मैदानाकाठची मूठभर माती प्रयोगशाळेत नेली. त्या मातीतल्या जिवाणूने बनवलेल्या द्रव्यावर विल्यम कॅम्पबेल यांनी काम केलं. त्यातून झालेलं औषध 1981 साली आधी जनावरांसाठी बाजारात आलं आणि पुढे माणसांच्याही कामी पडलं. 2015 च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला. गोठ्यात जन्मलेलं आणि माणसांच्या दवाखान्यात नाव काढलेलं हे औषध. पण त्यालाही मर्यादा आहेत आणि त्या मालकाला ठाऊक हव्यात. ते अंड्यांना मारत नाही. अंडी फुटून नवे किडे बाहेर आले की दहा ते चौदा दिवसांनी दुसरी मात्रा लागते. दुभत्या जनावराच्या दुधात ते उतरतं, म्हणून दूध घरात किंवा डेअरीत जात असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ते द्यायचं नाही. आणि कोली जातीच्या काही कुत्र्यांच्या मेंदूला ते जन्मजात सोसत नाही.

कुत्र्याचा विषय निघालाच आहे. जळगाव, धुळे शहरांतल्या फ्लॅटमध्ये आता म्हशीपेक्षा कुत्र्यांची खाज जास्त दिसते, आणि ती वाचायला अवघड असते. कानाची कड दोन बोटांत चोळली आणि कुत्र्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला, तर खरजेचा संशय बळावतो. कमरेवर, शेपटीच्या वर केस गेले असतील तर पिसवा. एका पिसवेच्या लाळेनेही काही कुत्री हैराण होतात, म्हणून ‘आमच्याकडे पिसवा नाहीतच’ या उत्तरावर मी थांबत नाही. पंजे चाटून तांबूस झालेले, कान वारंवार पिकणारे कुत्रं असेल तर धूळ, परागकण, खाणं यांची अ‍ॅलर्जी शोधावी लागते. या ठिकाणी सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे स्टेरॉइडचं इंजेक्शन. संध्याकाळपर्यंत खाज बंद, घरात आनंद. पण खाली खरूज असेल तर शरीराचा प्रतिकार दबतो आणि किडे मोकाट वाढतात. महिन्याने तेच कुत्रं अंगभर खपल्या घेऊन येतं, आणि तोवर घरातल्या मुलांच्या पोटावर, दंडावर लाल पुरळ आलेलं असतं. स्टेरॉइडला त्याची जागा आहे. पण खरवडून पाहिल्याआधी ते देणं म्हणजे निरोप्याला दारातच गप्प करणं.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. पहिल्या भागात चार प्रश्न आहेत : कुठे खाजतं, कधीपासून आणि कुठल्या मोसमात, गोठ्यात आणखी कुणाला, आणि घरातल्या माणसांना काही झालंय का. दुसऱ्या भागात गाय-बैल, म्हैस, शेळी-मेंढी, घोडा, कुत्रं-मांजर आणि कोंबड्या अशी एकेकाची प्रकरणं आहेत. तिसऱ्यात गोठा आणि औषधं. मात्रांचे आकडे मी मुद्दाम दिलेले नाहीत. ते जनावर पाहून, वजन पाहून, गाभण आहे की दुभतं ते पाहून ठरतात. ते काम तालुक्याच्या दवाखान्याचं, किंवा 1962 या क्रमांकावर बोलावलं की येणाऱ्या फिरत्या पथकाचं. डॉक्टर येईपर्यंत काय पाहून ठेवायचं आणि आल्यावर काय सांगायचं, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे. भाषा शक्य तेवढी गोठ्यातली ठेवली आहे. अहिराणी आणि तावडी बोलणाऱ्या दोन्हीकडच्या वाचकांनी हस्तलिखित वाचून माझे बरेच पुस्तकी शब्द छाटले. ते उरलेच असतील तर दोष माझा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. जू ओढून बैलाच्या खांद्याला जिथे घट्टा पडलेला असतो, तिथे हळद आणि लोणी किंवा तेल लावून चोळतात. लहानपणी मी वडिलांच्या शेजारी उभा राहून ते पाहायचो. त्यांचा हात खांद्यापाशी थांबत नसे. मानेच्या पोळीखालून, छातीवरून, कुशीवरून, मांडीच्या आतल्या बाजूने तो फिरून येई, आणि वाटेत कुठे अडला की ते न बोलता तिथे वाकून पाहत. एखादा गोचीड, एखादा काटा, एखादी खपली. ते त्याला पूजा म्हणत. मी पुढे शिकून त्याला तपासणी म्हणू लागलो. हात तोच होता.

आता आमच्या भागात कित्येक घरांत बैल उरले नाहीत. पोळ्याला मातीच्या बैलजोडीची पूजा होते, शेत ट्रॅक्टर करतो. पण गाय आहे, म्हैस आहे, दोन शेळ्या आहेत, दाराशी एक कुत्रं आहे. त्यांच्यासाठी वर्षातला एक दिवस पुरत नाही. हे पुस्तक वाचून मिटल्यावर आधी गोठ्यात जा. मानेपासून सुरुवात करा, शेपटीच्या बुडापर्यंत हात न्या, केसांच्या उलट दिशेने. जिथे हात लावल्यावर जनावर मान लांब करून ओठ हलवू लागेल, तिथे थांबा आणि वाकून पाहा. खाजवून खरूज निघाली, तर तिला नाव ठेवू नका. तिला काचेच्या पट्टीवर घ्या.